फडणीस: हुद्द्याचे आडनाव

नाना फडणिसांचे आडनाव फडणीस नव्हते. ते भानू. पूर्ण नाव बाळाजी जनार्दन भानू. जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्याला, मृत्यू १३ मार्च १८०० रोजी पुण्यात. त्यांची असंख्य पत्रे आज उपलब्ध आहेत आणि त्यांत ते स्वतःला ‘बाळाजी जनार्दन’ म्हणवतात. म्हणजे स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव, बस्स. ज्या शब्दाने त्यांना सारा हिंदुस्थान ओळखू लागला, ज्या शब्दाने आजही शाळेतला मुलगा त्यांना ओळखतो, तो शब्द त्यांच्या कामाचा होता. पेशव्यांच्या दरबारात फडणिशीचे काम ज्याच्याकडे, तो फडणीस.

कामाचा शब्द घराण्याला कसा चिकटला, काम संपल्यावरही तो का गेला नाही, आणि आज पुण्यात किंवा नागपुरात भेटणारे दोन फडणीस एकमेकांचे भाऊबंद असतात का, या तीन प्रश्नांसाठी हे प्रकरण आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आताच देऊन टाकतो: बहुतेक वेळा नसतात. कारण समजायला मात्र थोडे मागे जावे लागेल.

रायगड जिल्ह्यातले श्रीवर्धन हे पुढे पेशवे झालेल्या भटांचे गाव. सावित्रीच्या खाडीपलीकडे, आजच्या रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात, वेळास हे भानूंचे गाव. हल्ली समुद्री कासवांच्या पिल्लांसाठी लोक वेळासला जातात. नाना फडणिसांचे मूळ गाव म्हणूनही ते दाखवले जाते. अठराव्या शतकाच्या आरंभी हा मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दीच्या धाकात होता. त्या जाचाला कंटाळून बाळाजी विश्वनाथ भट घाट चढून वर आले, तेव्हा भानू बंधू त्यांच्याबरोबर निघाले. मिळेल त्या भाकरीत तुमचा वाटा, असा शब्द बाळाजींनी त्यांना दिल्याची कथा परंपरेने सांगितली जाते. कथेचा तपशील कसाही असो, पुढे घडले ते या शब्दाला धरूनच. १७१३ च्या नोव्हेंबरात पुण्याजवळ मांजरीला शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवेपदाची वस्त्रे दिली आणि पेशव्यांची फडणिशी भानूंकडे आली. आधी हरी महादेव, मग त्यांचे भाऊ बाळाजी महादेव. हे बाळाजी महादेव म्हणजे नानांचे आजोबा; नातवाला नाव त्यांचेच मिळाले. फेब्रुवारी १७१९ मध्ये मोगल दरबारातल्या सय्यद बंधूंच्या मदतीला गेलेल्या मराठी फौजेवर दिल्लीत जमाव तुटून पडला, त्या दंगलीत शेकडो मराठे कापले गेले. बाळाजी महादेव त्यांतले एक. पेशव्यांच्या जिवासाठी त्यांनी आपला जीव दिला, असे मराठी इतिहासात नोंदवलेले आहे. त्यानंतर फडणिशी त्या घराबाहेर गेली नाही. मुलगा जनार्दन बल्लाळ, मग नातू बाळाजी जनार्दन.

फडणीस करत काय होता? पुस्तकांत ‘हिशेबनीस’ एवढे लिहून मोकळे होतात. ते अपुरे आहे.

पुण्यात पेशव्यांचे मध्यवर्ती कार्यालय होते, त्याला हुजूर दफ्तर म्हणत. भरभराटीच्या काळात तिथे दोनशेहून अधिक कारकून बसत. त्याच्या शाखांपैकी दोन महत्त्वाच्या. एक चालते दफ्तर, म्हणजे रोजचे काम. ते थेट फडणिसाच्या देखरेखीखाली. दुसरे एकबेरीज दफ्तर, जिथे साऱ्या खात्यांचे, साऱ्या महालांचे कागद येऊन वर्गवार लावले जात आणि राज्याच्या जमाखर्चाचे तर्जुमे तयार होत. चालत्या दफ्तरातला गाभा म्हणजे फड. सनदा, हुकूम, इनामपत्रे इथून निघत. मामलेदार-कमाविसदारांचे हिशेब इथे तपासले जात. फौजेचे, किल्ल्यांचे, देवस्थानांचे खर्च इथे मांडले जात. आणि जे जे निघाले, जे जे आले, ते त्या दिवशीच्या रोजकीर्दीत चढे. रोजकीर्द म्हणजे राज्याची रोजची नोंदवही. गणेश चिमणाजी वाड यांनी पेशव्यांच्या रोजनिशींतले जे वेचे निवडले आणि न्यायमूर्ती रानड्यांनी ज्यांची प्रस्तावना लिहिली, ते याच नोंदींतून निवडलेले. अठराव्या शतकात एखाद्या गावचा वसूल किती होता, कोणाच्या गुन्ह्याला काय शिक्षा झाली, कोणत्या देवाच्या नंदादीपाला किती तेल मंजूर झाले, हे आपल्याला आज सांगता येते ते फडातल्या कारकुनांनी रोज संध्याकाळी लेखणी खाली ठेवण्याआधी ते लिहिले म्हणून.

एवढ्यावरून या हुद्द्याची ताकद लक्षात येईल. सरदाराने मोहीम जिंकली तरी तिचा खर्च फडात मंजूर व्हावा लागे. पेशव्यांनी तोंडाने गाव इनाम दिले तरी सनद लिहिली जाऊन नोंदली जाईपर्यंत ते गाव हाती येत नसे. सगळे ज्याच्या वहीतून जाते त्याला सगळे ठाऊक असते. नानांची राजकारणातली पकड त्यांच्या बुद्धीची होती, यात शंका नाही. पण त्या बुद्धीला तीन पिढ्यांच्या वह्यांचा आधार होता. १७७४ मध्ये बारभाईंचे कारस्थान उभे राहिले, पुरंदरावर जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नावाने कारभार सुरू झाला आणि पुढची वीसएक वर्षे मराठी राज्याची सूत्रे नानांच्या हाती राहिली, तरी ते फडणीसच म्हणवले गेले. मोठा शब्द शोधायची गरज त्यांना भासली नाही.

आता शब्दाकडे. फारसीत ‘फर्द’ म्हणजे सुटा कागद, यादी, नोंदीचा तक्ता. ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. फर्दनवीस, फडनवीस, फडणवीस, फडणीस अशी ती उतरंड आहे. मराठीत ‘फड’ हा शब्द कामकाज चालते त्या जागेलाही आहे, शाहिरांचा आणि पैलवानांचाही फड असतो. त्यामुळे फडावर लिहिणारा तो फडणीस असा अर्थ लोकांनी सहज लावला. पेशवाईत खात्यालाच फड म्हणू लागल्यावर दोन्ही अर्थ इतके एकमेकांत मिसळले की फारसी मूळ कोणाच्या लक्षातही राहिले नाही. इंग्रजांनी मात्र हे नाव वेगळेच ऐकले. मॅक्डोनाल्ड नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने लिहिलेले नानांचे चरित्र १८५१ साली मुंबईत छापले गेले, त्याच्या मथळ्यात त्याने ‘फर्नवीस’सारखे रूप वापरले आहे. आपला ‘ड’ परक्या कानाला ‘र’ ऐकू येतो. योगायोगाने त्या रूपात फारसी ‘फर्द’चा रफार परत आला.

‘नवीस’ची ही मंडळी मोठी आहे. पत्रव्यवहार सांभाळणारा चिटणीस, रोख शिलकेचा हिशेब ठेवणारा पोतनीस, बातम्या आणि घडामोडी टिपणारा वाकनीस, फारसी पत्रे लिहिणारा-वाचणारा पारसनीस, कोठारांच्या आणि कारखान्यांच्या नोंदी ठेवणारा कारखानीस, जमेच्या बाजूचा जमेनीस, किल्ल्याच्या लिखापढीचा कोटनीस. चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ मध्ये देह ठेवणारे सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस यांच्या आडनावात हाच ‘नवीस’ आहे. त्यांच्या जोडीला मुजुमदार, दफ्तरदार, पोतदार, डबीर. बहमनी आणि आदिलशाही-निजामशाहीच्या काळात दख्खनच्या कचेऱ्यांची भाषा फारसी झाली होती, आणि त्या कचेऱ्यांत लेखणी चालवणारे बरेचसे इथलेच ब्राह्मण आणि प्रभू होते. हे हुद्दे तिथून आले.

शिवाजी महाराजांनी यात जाणीवपूर्वक बदल केला. राज्याभिषेकाच्या सुमारास रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश तयार करवून घेतला आणि दरबारातल्या यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत, पेशव्याचा पंतप्रधान. भोरच्या संस्थानिकांना शेवटपर्यंत ‘पंतसचिव’ म्हणत, ते या बदलामुळे. पण एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. वरच्या आठ प्रधानांची नावे बदलली, त्यांच्या हाताखालच्यांची व्यवहारात बदलली नाहीत. प्रत्येक प्रधानाच्या कचेरीत कामगारांचा जो ठरावीक संच असे, त्यात मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, पोतनीस ही जुनीच नावे चालू राहिली. खुद्द ‘पेशवा’ हा शब्दही पंतप्रधानाला हटवून परत आला. दरबारी ठरावाने राजपत्रातला शब्द बदलता येतो. ज्या नावाने गाव रोज हाक मारते ते नाव ठरावाला बधत नाही. वेदपाठी घराण्यांनी शुद्ध फारसी आडनावे तीनशे वर्षे अभिमानाने मिरवली आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही, हा मला मराठी समाजाचा मोठा मोकळेपणा वाटतो.

हुद्दा आणि आडनाव यांच्यामध्ये एक पायरी आहे, ती म्हणजे वतन. महाराष्ट्रात काम आणि त्याचा मोबदला दोन्ही वंशपरंपरेने चालत. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, चौगुलकी यांबरोबर महालोमहालच्या फडणिशा, चिटणिशाही वतनासारख्या झाल्या. पेशवाईत मामलेदाराबरोबर दरकदार नेमलेले असत. मामलेदाराला त्यांना काढता येत नसे. ते सरकारचे, आणि मामलेदाराच्या हिशेबावर नजर ठेवणे हेच त्यांचे काम. म्हणजे मोठ्या महालाला एक फडणीस, सरदाराच्या पागेला एक, संस्थानाला एक, नागपूरकर भोसल्यांकडे, गायकवाडांकडे, शिंदे-होळकरांकडे निराळे. पिढ्यान्‌पिढ्या तेच घर तेच काम करू लागले की गाव त्या घराला कामाच्या नावाने ओळखू लागे. पहिल्या दोन पिढ्या ‘फडणीस’ ही ओळख असते, तिसऱ्या पिढीत ते घराचे नाव होते. मूळ आडनाव मग लग्नाच्या याद्या, श्राद्धाचा संकल्प किंवा भाऊबंदकीचा तंटा अशा प्रसंगांपुरते उरते.

याचे भानूंइतकेच स्पष्ट उदाहरण साताऱ्याच्या चिटणिसांचे. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांचे मूळ आडनाव चित्रे. त्यांचे पुत्र खंडो बल्लाळ, आणि त्याच घराण्यात बखरकार मल्हार रामराव. ते सारे चिटणीस. पेशव्यांचे स्वतःचेही तेच झाले. भट हे आडनाव बाळाजी विश्वनाथांनंतर इतिहासाच्या टिपांत गेले, आणि बिठूरला गेलेल्या, हुद्दा आणि राज्य दोन्ही गमावलेल्या घराण्याला जग पेशवे म्हणत राहिले. पुण्यात रास्ता पेठ ज्यांच्या नावाने आहे ते सरदार रास्ते मूळचे गोखले.

इथे दूरच्या एका बेटाची हकिकत सांगितली पाहिजे, कारण आपल्याला वाटते तितके हे आपल्यापुरते नाही. युरोपात पिढीजात आडनावे फार लवकर रुळली अशा देशांत आयर्लंडची गणना होते. तिथल्या जुन्या इतिवृत्तात इसवी सन ९१६ च्या नोंदीत गॉल्वे भागातल्या एका सरदाराच्या मृत्यूचा उल्लेख आहे. त्याचे आडनाव ‘ओ क्लेरी’. ‘ओ’ म्हणजे वंशज, ‘क्लेरी’च्या मुळाशी असलेल्या शब्दाचा अर्थ धर्मपीठाचा शिकलेला माणूस, लेखक, कारकून. या घराण्याची एक शाखा पुढे उत्तरेला डोनेगॉलमध्ये गेली आणि तिथल्या ओ’डॉनेल राजांची वंशपरंपरागत इतिहासलेखक झाली. वंशावळी सांभाळायच्या, करार लिहायचे, घटना नोंदवायच्या, त्याबद्दल जमीन. आपल्या भाषेत, वतन. याच घराण्यातल्या मायकेल ओ क्लेरी या फ्रान्सिस्कन साधूने सहकाऱ्यांसह १६३२ ते १६३६ या काळात आयर्लंडचा सारा जुना इतिहास एका ग्रंथात उतरवून ठेवला. तोवर इंग्रजांनी देश जिंकला होता, आयरिश सरदारांची सत्ता बुडाली होती, इतिहासलेखकाची जागा उरली नव्हती. आडनाव राहिले. पण इंग्रजी अमलात आयरिश नावे इंग्रजी वळणावर गेली आणि ओ क्लेरींपैकी अनेकांचे ‘क्लार्क’ झाले.

आता इंग्लंडमध्येही क्लार्क हे आडनाव भरपूर आहे आणि तेही कारकुनावरूनच आलेले. मध्ययुगात ज्याला लिहिता-वाचता येई तो बहुधा धर्मपीठाचाच माणूस, त्याला क्लार्क म्हणत. गावोगाव असे क्लार्क होते आणि गावोगाव त्यांच्या मुलानातवंडांची ती आडनावे झाली. त्यामुळे आज डब्लिनमधल्या एखाद्या क्लार्कचा पूर्वज डोनेगॉलचा राजइतिहासकार असू शकतो, किंवा इंग्लंडहून आलेला कोणी सामान्य लेखनिक. आडनावावरून ते कळत नाही. जुने दस्त पाहावे लागतात, आणि आयर्लंडमध्ये नेमका तिथेच घात झाला: ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनचा सरकारी दफ्तरखाना स्फोटात आणि आगीत नष्ट झाला. शेकडो वर्षांची इच्छापत्रे, चर्चच्या नोंदवह्या, एकोणिसाव्या शतकातल्या जनगणनांचे कागद गेले. कित्येक आयरिश घराण्यांचा माग त्या तारखेपाशी तुटतो.

पुण्यात वावरलेल्या इंग्रजांच्या नावांकडे या नजरेने पाहिले तर ती आपलीच वाटू लागतात. नानांच्या मृत्यूच्या वेळी पुण्याच्या संगमावर कंपनीचा रेसिडेंट होता कर्नल पामर. ‘पामर’ म्हणजे जेरुसलेमची यात्रा करून तिथले ताडाचे पान घेऊन आलेला माणूस. कोणा पूर्वजाने यात्रा केली, नाव वंशाला लागले. मॅक्डोनाल्ड म्हणजे डोनाल्डचा मुलगा. बंडगार्डनजवळचा मुळा-मुठेवरचा जुना पूल ज्यांच्या नावाने बांधला ते मुंबईचे गव्हर्नर सेमूर फिट्झगेरल्ड. फिट्झगेरल्ड हे आयर्लंडमध्ये रुजलेले नॉर्मन आडनाव, अर्थ गेरल्डचा मुलगा. बाळाजी जनार्दन म्हणजे जनार्दनाचा मुलगा बाळाजी. फरक एवढाच की त्यांच्याकडे बापाचे नाव एका पिढीत गोठले आणि आडनाव झाले. आपल्याकडे बापाचे नाव दर पिढीला बदलत राहिले आणि गोठला तो हुद्दा, गाव किंवा प्रसंग.

गोठण्याची ही क्रिया आपल्याकडे पूर्ण झाली ती इंग्रजी अमलात. १८१८ मध्ये पेशवाई गेली, पुण्याचे हुजूर दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात आले. फडणिशी करणाऱ्या घरांना करायला फडणिशी उरली नाही. पुढे इनाम कमिशन आले. १८५२ च्या कायद्याने त्याला मोठे अधिकार मिळाले. प्रत्येक इनामदाराने, वतनदाराने आपला हक्क कागदाने सिद्ध करायचा होता. वाड्यांच्या माजघरांतून पेट्या बाहेर निघाल्या, सनदा उलगडल्या गेल्या, वंशावळी लिहून दाखल झाल्या. हक्क ज्या हुद्द्याच्या नावाने मागायचा तोच हुद्दा अर्जदाराच्या नावापुढे लागला. मग इंग्रजी शाळांचे पट, कोर्टातले दावे, जनगणनेचे तक्ते, नोकरीचे अर्ज. प्रत्येक ठिकाणी शेवटचे नाव काय, हे विचारले गेले आणि एकदा दिलेले उत्तर कायम झाले. गंमत अशी की काम चालू असेपर्यंत शब्द थोडा लवचीक होता: एका भावाकडे फडणिशी गेली तर तो फडणीस, दुसरा भानूच. काम बंद पडल्यावर तो लवचीकपणा संपला. भानू आडनावही म्हणूनच नाहीसे झालेले नाही. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवणारे आणि विपुल ग्रंथरचना करणारे प्राध्यापक चिंतामण गंगाधर भानू हे नाव जुन्या पुणेकरांना परिचयाचे होते.

वतनांचा कायदेशीर शेवट स्वातंत्र्यानंतर झाला. १९५० च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतने रद्द झाली, पाटीलकीचा हुद्दा १९६२ च्या कायद्याने गेला. त्या कायद्यांनी एकाही कुलकर्ण्याचे किंवा पाटलाचे आडनाव बदलले नाही.

फडणीस आणि फडणवीस असा फरक का, असे अनेक जण विचारतात. तो कुळाचा फरक नाही, उच्चाराचा आहे. पश्चिम महाराष्ट्राच्या बोलण्यात मधला ‘व’ गळाला. नागपूर-वऱ्हाडकडे लांब रूप अधिक टिकले. तिकडे चिटणवीसही आहेत, इकडे ते चिटणीस झाले. नानांच्या बाबतीत तर दोन्ही रूपे छापील मराठीत सर्रास चालतात. वासुदेवशास्त्री खऱ्यांसारख्या चरित्रकाराने ‘फडनवीस’ असे लिहिले, पुण्यातल्या माणसाच्या तोंडी ‘नाना फडणीस’ असते. त्यामुळे लिहिण्यातल्या एका अक्षरावरून कोण मूळचे आणि कोण नंतरचे, हा वाद निरर्थक आहे.

आणि आता तिसरा प्रश्न. फडणीस चित्पावनांत आहेत, देशस्थांत आहेत, कऱ्हाड्यांत आहेत. चिटणीस प्रभूंत आहेत, ब्राह्मणांतही आहेत. गोत्रे वेगळी, कुलदैवते वेगळी, मूळ गावे वेगळी. ही एका झाडाची फांद्या-पाने नव्हेत. एकाच प्रकारचे काम वेगवेगळ्या ठिकाणी केलेल्या, एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांचे हे वंशज. ‘आम्ही नाना फडणिसांच्या घराण्यातले’ असे सांगणाऱ्या प्रत्येकाचे म्हणणे खोटे असते असे नाही, पण ते आडनावावरून खरे ठरत नाही. नानांना पुत्रसंतान टिकले नाही. त्यांच्या पश्चात पत्नी जिऊबाईंनी दत्तक घेतला आणि वाईजवळच्या मेणवलीचा वाडा त्या घराकडे चालला. चुलत घराणे वेगळे: मोरोबादादा फडणीस, ज्यांनी १७७८ मध्ये नानांनाच बाजूला सारून कारभार ताब्यात घेण्याचा प्रयत्न केला आणि नंतर कैद भोगली, तेही भानूच. एका आजापणजाचा दावा करायचा तर तो या दोन-तीन शाखांपर्यंत कागदाने पोहोचला पाहिजे.

कागद आहेत, ही पुण्याची फार मोठी जमेची बाजू. पेशवे दफ्तर आज पुणे पुराभिलेखागारात आहे. तांबड्या रुमालांत बांधलेल्या गठ्ठ्यांचे मजलेच्या मजले. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यांतून निवड करून १९३० पासून पाचसहा वर्षांत ४५ खंड काढले, तरी ती एकूण साठ्यातली छोटीशी वाटी आहे. मेणवलीचे नानांचे खासगी दफ्तर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी मिळवले, त्यांच्या ‘इतिहाससंग्रह’ मासिकातून जुनी कागदपत्रे लोकांपुढे आली आणि त्यांचा संग्रह साताऱ्याहून शेवटी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. फडणिसाचे कागद पारसनिसाने वाचवले, याचे मला नेहमी समाधान वाटते. सदाशिव पेठेत १९१० साली राजवाडे आणि मेहेंदळे यांनी स्थापन केलेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे; तिथे घराण्याघराण्यांनी आणून दिलेली दफ्तरे सांभाळलेली आहेत.

पण वाचवलेल्यापेक्षा गेलेले जास्त. १८२८ मध्ये शनिवारवाडा जळाला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि नदीकाठच्या पेठांतल्या वाड्यांत पाणी शिरले, तेव्हा माजघरांतल्या कित्येक पेट्या चिखलात गेल्या. त्यानंतरच्या वर्षांत वाडे पाडून इमारती उभ्या राहताना, ‘मोडी आहे, कोणाला वाचता येते?’ असे म्हणून जे रद्दीत गेले, त्याला तर कोणताही पूर किंवा आग जबाबदार नव्हती.

म्हणून ज्यांचे आडनाव फडणीस, चिटणीस, पोतनीस, पारसनीस, कारखानीस, मुजुमदार, दफ्तरदार, देशमुख, कुलकर्णी किंवा असे कुठलेही हुद्द्याचे आहे, त्यांनी आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना चार गोष्टी विचाराव्यात: हुद्द्याआधीचे आडनाव कोणते, गोत्र कोणते, कुलदैवत कोणते आणि मूळ गाव कोणते. उत्तरे लिहून ठेवावीत, सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख घालून. मग माळ्यावरची ट्रंक उघडावी. आत मोडी कागद निघाले तर ते लॅमिनेट करू नयेत, चिकटपट्टी लावू नये, उन्हात पसरू नयेत. कोरड्या सुती कापडात ठेवावेत आणि त्यांचे स्वच्छ फोटो काढावेत. मोडीचे वर्ग पुण्यात चालतात आणि चिकाटी धरली तर काही महिन्यांत अक्षर लागू लागते. स्वतःला जमणार नसेल तर ती पेटी मंडळात किंवा पुराभिलेखागारात नेऊन दाखवावी. तिच्यातली एखादी सनद केवळ तुमच्या घराचीच नव्हे, त्या गावच्या शंभर घरांची हकिकत सांगणारी असू शकते. वाडा विकण्याचा करार करण्याआधी हे काम उरकून घ्या.